जप्त कॅमेऱ्याचा डबा उन्हात न उघडण्याबाबत

प्रति,
मा. वनक्षेत्रपाल साहेब,
उंबरखुंट वनपरिक्षेत्र कार्यालय,
तोरणमाळ घाटाखाली, जि. नंदुरबार

अर्जदार : बन्सीलाल आत्माराम चौधरी, फोटो स्टुडिओवाले, मु. पो. लोणखेडा, ता. शहादा

विषय : जप्त कॅमेऱ्यासोबतचा फिल्मचा लाकडी डबा येत्या शुक्रवारी पंचांसमोर न उघडता परत मिळण्याबाबत.
संदर्भ : आपले वनरक्षक श्री. भीमसिंग यांनी केलेला जप्तीचा पंचनामा.

महोदय,

हा अर्ज करायची पाळी माझ्यावर कॅमेऱ्याच्या वजनामुळे आली, म्हणून आधी वजनाचंच सांगतो.

१) सदर कॅमेरा मोबाईलसारखा नाही. तो लाकडाचा आहे. पुढे भिंग, मागे काच, मध्ये बाजाच्या पेटीसारखा भाता. फिल्म शाळेच्या पाटीएवढी. तीन पायांचं स्टँड वेगळं. ते दोघांनी खांद्यावर घेतलं की रस्त्यातले लोक बाजूला होऊन हात जोडतात. एसटीत वाहकाने "या तीन पायवालाले हाफ लागस का फुल?" असं विचारून स्टँडचं तिकीट फाडलं. माझी पत्नी सरला हिने तर निघतानाच सुनावलं होतं, "लगीनमा मन्ही पेटी उचली नही, आनि हाऊ डबा खांदावर लिसन डोंगर चढी ऱ्हायनात." तिचं म्हणणं मी या अर्जापुरतं मान्य करतो.

२) एवढं ओझं तोरणमाळच्या पठारावर नेण्याचं कारण म्हणजे तिथले शेतकरी आमशा पावरा यांची आई, तुळशीबाई. त्यांचा आजवर एकच फोटो आहे, आधार कार्डावरचा, आणि त्यात त्यांच्यापेक्षा मागची भिंत चांगली आली आहे. मोबाईलवाल्यांसमोर त्या बसत नाहीत. खिशातून काढतो आणि खिशात घालतो, त्याच्यासमोर काय बसायचं, असं त्यांचं मत. मात्र आधी स्टँड, मग पेटी, मग मी अशा क्रमाने आम्ही त्यांच्या अंगणात कोसळलो, ते पाहून त्या म्हणाल्या, "एवढं वर चढवलं, आता नाही म्हटलं तर मलाच पाप." आत गेल्या, चांदीचं होतं नव्हतं ते घालून आल्या, आणि मी सांगेपर्यंत पापणी हलवली नाही. उठताना आमशामार्फत बजावलं, हे एकदाच. पुन्हा कोणी गाडीभर कॅमेरा आणला तरी बसणार नाही.

३) फिल्मच्या डब्याला दोन बाजू असतात. एका बाजूला तुळशीबाई आल्या. दुसरी कोरी होती, ती डोंगरासाठी म्हणून मी शेताच्या बांधावर स्टँड उभं केलं आणि काळ्या कपड्याखाली शिरलो. इथेच घोळ झाला. आपल्या भागात तीन पायांच्या यंत्राला डोळा लावणारा माणूस एकच, तो म्हणजे मोजणीवाला. जंगलात कसलेल्या जमिनीचा वनपट्टा मिळावा म्हणून मोजणीची वाट पाहून थकलेल्या पाड्यात बातमी गेली की मोजणी आली. जो तो आपल्या तुकड्याच्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला. एका बाईचा नवरा गुजरातेत कामाला, तर तिने त्याचा शर्ट काठीला घालून कोपऱ्यावर रोवला. दोन भाऊ एकाच हद्दीच्या दगडावर चढले आणि "त्याला मोजू नका" असं दोघांनीही मला सांगितलं. मला वाटलं, लोकांना फोटोत यायची हौस आहे. म्हणून मी कपड्यातून हात बाहेर काढून "थोडं मागे, अजून मागे" करत राहिलो. लोक मागे सरकले. दगडही सरकले. त्यात राखीव जंगलाचं किती काय झालं ते मोजणीवाल्याने सांगावं. मी मोजणीवाला नाही, हाच माझा मुद्दा आहे.

४) श्री. भीमसिंग आले तेव्हा मी कमरेपर्यंत कपड्यात होतो. त्यांनी माझ्या खालच्या अर्ध्या भागाला जागीच थांबण्याचा आदेश दिला, तो त्या भागाने पाळला. मग खात्रीसाठी त्यांनी स्वतः आत डोकं घातलं. मागच्या काचेवर चित्र उलटं पडतं, हा भिंगाचा धर्म आहे. पंचनाम्यात मात्र "सदर यंत्रात शासकीय डोंगर उलटा टांगलेला आढळून आला" असं आलं आहे. बाहेर तो सरळच होता, याची नोंद घ्यावी.

५) जप्त कॅमेरा आपल्या कार्यालयापर्यंत मीच वाहिला, कारण जप्तीच्या मालाचं वजन झेपत नाही असं भीमसिंग म्हणाले. तिथे आपण ओट्यावर खुर्ची टाकून समोर बसलात आणि "चालवून दाखव, काय मोजतं ते बघू" असा आदेश दिलात. मी "हलू नका" म्हणालो. आपण श्वास धरून बसलात, चहावर साय आली. आदेशाचं पालन झालं.

६) आता कळतं की डबा बंद आहे म्हणजे आत मोजणीचे कागद असणार, तेव्हा तो शुक्रवारी भर उन्हात, अंगणात उघडायचा, असं आपल्या कार्यालयात ठरलं आहे. साहेब, आत कागद नाहीत. आत तुळशीबाई आहेत. या फिल्मला उजेड लागला की ती धुतल्यावर नुसती काळी निघते. दिवाळी झाली की आमशा आईला घेऊन ऊसतोडीला जाणार. त्या परत बसणार नाहीत आणि माझ्याने परत चढवणार नाही.

७) पंचनामा करायचाच असेल तर अंधारात करावा. माझा काळा कपडा मोठा आहे. आपण, भीमसिंग, दोन पंच आणि मी दाटीवाटीने मावू. पंचांना आत काही दिसणार नाही, पण हद्दीच्या दगडावर चढलेले ते दोन भाऊच पंच आहेत. मागच्या वेळीही त्यांनी यंत्राकडे न बघता अंगठे दिले, कारण दगड सोडून खाली यायला दोघांपैकी एकही तयार नव्हता. भीमसिंगांनी कागद दगडापाशी नेला.

८) तरीही उन्हातच उघडायचं ठरलं तर एक गोष्ट आपल्या कानावर असावी. डोंगरासाठी ठेवलेली दुसरी बाजू आता कोरी नाही. आपण चालवून दाखव म्हणालात, मी पूर्ण चालवलं. त्या बाजूला आपण आहात. टोपीसह, छाती भरलेली, निवृत्तीच्या समारंभात हार घालून ठेवण्याजोगे. डबा उघडलात तर तुळशीबाई जातील आणि त्यांच्या पाठोपाठ आपणही. बंद परत दिलात तर दोघांनाही धुऊन, सुकवून, कागदावर उतरवून आणून देईन. भिंगाला पद कळत नाही, त्यामुळे तूर्त आपण आत त्या डोंगरासारखेच उलटे टांगलेले आहात. सरळ करायची सोय फक्त लोणखेड्यात आहे.

डब्याच्या झाकणाकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
(सही)
बन्सीलाल आत्माराम चौधरी
लोणखेडा, दि. ६ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) काळा कपडा, धुतलेला (पंचांसाठी).
२) एसटीचं तिकीट, स्टँडचं.
३) तुळशीबाईंच्या आधार कार्डाची झेरॉक्स. भिंत पाहावी.