चिऊच्या काडीपाशी उगवलेलं रोप

३ मार्च
आलो एकदाचे! खोकी अजून दाराशीच पडली आहेत, गॅस जोडायचाय, आणि मी मात्र सगळं टाकून मागच्या बागेत. बाग कसली, सतरंजीएवढा तुकडा. पण माझा जीव हरखून गेला. पुदिना, घोळ, आंबुशी आणि कुंपणाची जास्वंद पहिल्या फेरीतच ओळखली. आइस्क्रीमच्या काड्यांवर नावं लिहून ज्याच्या त्याच्या बुडाशी खोचली. नवरा म्हणाला, बाईंनी शाळा सोडली तरी हजेरी काही सुटली नाही. आमच्या पाच वर्षांच्या चिऊने स्वतःच्या नावाचीही काडी मागितली. दिली लिहून. तिने ती कोपऱ्यातल्या मोकळ्या मातीत खोचली.

१० मार्च
चिऊच्या काडीपाशी कोंब आलाय. पानं समोरासमोर, खोडावर बारीक लव. माझ्या एकाही पुस्तकात सापडेना, फोननेही हात टेकले. शेजारच्या काकू कुंपणावरून सांगत होत्या, की आधीचा भाडेकरू घर सोडून गेल्यावरही या कोपऱ्याला पाणी घालायला यायचा. तिथलं झाड वाळलं, तसा यायचा थांबला. मला तो माणूस न बघताच आवडला. काकू म्हणाल्या, हे उपटून टाक बाई. मी हसण्यावारी नेलं. फूल बघितल्याशिवाय नाव सांगता येत नाही, आणि नाव कळल्याशिवाय मी काही उपटत नाही.

१९ मार्च
चीक बघायला एक देठ मोडला. पाण्यासारखा आला, मग तांबूस झाला. पान चुरडून हुंगलं, तर वास ओळखीचा. दिवसभर आठवेना. चिऊची वेणी घालताना आठवलं: तिच्या टाळूचा वास. मुद्दाम नाक लावलं, तर तिच्या टाळूला आज कसलाच वास नव्हता. तिचं एक बोटही कापलंय. कशाने, ते तिला सांगता येत नाही.

२५ मार्च
रोप कमरेला लागलं. चिऊ दोन घासांत पुरे म्हणते. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा आहे, टॉनिक द्या. तिच्या हनुवटीवरचा तीळ पार पुसट झालाय. शेंड्याच्या पानावर एक काळा ठिपका आहे. कीड असेल. कीडच असणार. नवरा चिडून म्हणाला, आधी ते उपट. मी म्हटलं, कळी धरलीये, थोडं थांब. स्वतःची लाज वाटली, पण थांब म्हटलं.

२८ मार्च
चिऊ उठत नाही. ते रोप तिला पितंय — वेड्यासारखं लिहितेय, पण पितंय. कळी हाताला कोमट लागते. नको मला त्याचं नाव! नवऱ्याला सांगितलं, उद्या उजाडताच मुळासकट खणून काढ.

२९ मार्च
नवरा कुदळ घेऊन मागे गेलाय. मी चिऊचा हात धरून बसलेय. दुसरं काही सुचत नाही, म्हणून लिहितेय.

काकू आल्यात. चिऊला बघून पांढऱ्या पडल्या. त्या भाडेकरूची बायको अशीच अंथरुणाला खिळली होती म्हणे. त्याने तिला दुसरीकडे नेलं. इथलं झाड हिरवं होतं तोवर ती होती. झाड वाळलं त्याच दिवशी —

म्हणजे तो झाडाला पाणी घालत नव्हता. बायकोला —

ते चिऊला पीत नाहीये. चिऊ तिकडे गेलीये. सगळी. इथे नुसता हा हात —

फूल उमललंय. खिडकीतून दिसतंय. खाली काडी तशीच. मी नाव शोधत बसले, आणि ते पहिल्या दिवशीच माझ्या अक्षरात —

पहिला घाव. चिऊ कळवळली.

ओरडले. काच बंद, त्याला ऐकू जात नाही. काकू धावल्यात, पण त्यांचे गुडघे — मलाच जायला हवं. चिऊने बोट गच्च धरलंय. सोड बाळा, सोड, मला जाऊ दे —

सोडलं. मी नाही सोडवलं, तिनेच