नेटवर्क रूममधला कूलर

१२ मे
नेटवर्क रूमचा एसी गेला. आत भट्टी. दारावर कागद चिकटवलाय, 'दरवाज़ा खुला रखें'. माझं काम नेमकं उलटं, दार बंद ठेवायचं, धूळ आत येऊ द्यायची नाही. तिथे झाडू नाही, ओला फडका नाही. फक्त व्हॅक्यूम आणि कोरडं कापड. ही खोली ह्यांनी लावलेली. हे गेल्यावर ऑफिसने मला ठेकेदारातर्फे सफाईला घेतलं. ह्यांची इंग्रजी पुस्तकं डिक्शनरी घेऊन वाचली, त्यातून कळत गेलं. दोन वर्षं झाली.

१४ मे
तीनदा पुसलं. लू सुटलीय, समोर फ्लायओव्हरचं खोदकाम. अ‍ॅडमिनच्या त्यागीजींना धुळीचं बोट दाखवलं. म्हणाले, "भाभीजी, गाज़ियाबाद में धूल नहीं उड़ेगी तो क्या बर्फ गिरेगी?" सगळे हसले. मीही.
नवा एसी 'प्रोसेस में है'.

१६ मे
त्यागीजींनी खोलीत कूलर आणून ठेवला. घरातला असतो तसाच, पाण्याचा. म्हटलं, "सर, पानी मशीनों में जाएगा."
"मशीन को भी गर्मी लगती है भाभीजी. आप बस टंकी भरती रहना."
टाकी मीच भरली. दोनदा. हेही लिहून ठेवते.

२० मे
काल मी निघाल्यावर आंधी आली. दार उघडं, कूलर चालू. सकाळी मशीनच्या जाळ्यांवर धूळ नव्हे, चिखल. नेट वाटून देणारे दोन स्विच मेले. तिसऱ्या मजल्यावर नेट नाही. कोरड्या कापडाने चिखल निघत नाही. तरी पुसत बसले.

२१ मे
मशीनच्या कंपनीचा इंजिनियर आला. स्विचच्या आतली सर्किटची पट्टी काढून दाखवली, त्यावर पांढरे डाग. "पानी गया है. वारंटी नहीं मिलेगी." तोवर कूलर खोलीतून नाहीसा. इंजिनियरने विचारलं, पाणी कुठून आलं? त्यागीजी माझ्याकडे बघत राहिले. मी जमिनीकडे. तेव्हाच बोलायला हवं होतं, पण...

२२ मे
त्यागीजींनी कागद दिला. लिहून द्यायचं की पोछा मारताना माझ्या हातून पाणी सांडलं. "आपका कुछ नहीं बिगड़ेगा, मैं बैठा हूँ. नहीं लिखा तो ठेकेदार मानेसर भेज देगा."
मानेसर म्हणजे जाऊन-येऊन पाच तास. मृणालचं बारावीचं वर्ष.
मृ. म्हणाली, "साइन कर दे ना आई. कोण वाचतं यार?"
"बाबांच्या खोलीत मी ओलं पोतेरं नेलं, असं लिहू?"
"पोतेरं म्हणजे?" मग थोड्या वेळाने, "बाबा नाही राहिले ना आता."
असलं मराठी तिचं. रागवावंसं वाटलं, जमलं नाही. पोळ्या केल्या.

२३ मे
खोलीची चावी काढून घेतली. 'जाँच पूरी होने तक.' आत कोण पुसतंय, कशाने पुसतंय, माहीत नाही. दाराला काच आहे, पण उभं राहू दिलं नाही.
घरी येऊन कागद काढला. नाव लिहिलं. हुद्दा लिहिला. मग, 'नेटवर्क रूम में पानी गया.' इथपर्यंत सगळं खरं. पुढे आधीच छापलेलं 'किसकी गलती से' आणि मोकळी जागा, जेमतेम एक नाव मावेल एवढी. टाकी तर मीच भरत होते.
उद्या नऊला त्यागीजी कागद मागतील. जागा अजून मोकळी आहे.