अनशीचं नाव

१३ ऑक्टोबर १९७३, सातारा

खो-खोच्या जिल्हा संघात अनशीचं नाव न्हाई. पळायला लागली की कुणाच्या हाताला गावत न्हाई ती, सगळ्या मैदानानं बघितलंय. नाव काढलं कुणी? तिच्या बापानं. क्रीडा अधिकारी!

वाढताना विचारलं. म्हणाले, "स्वतःची पोरगी घेतली तर लोक काय म्हणतील?"

"आणि लोकांची असती तर?"

"घेतली असती."

भाकरी मोडत, शांत. मी आमटीचं पातेलं उचलून आत नेलं.

१४ ऑक्टोबर

पोरगी जेवली न्हाई. बापाशी बोलतबी न्हाई.

२ नोव्हेंबर

हे लोणंदला गेल्यात, मैदान आखायला. आकाराम शिपाई हाय की त्या कामाला! पण दोरी साहेबालाच धरायची असती. चुन्यानं भरलेली प्यांट धुवायची मी. लोकांच्या पोरींनी खाल्लं का, कुणाचा पाय मुरगळला, सगळं ह्यांना ठावं. स्वतःची उंबऱ्यावर बसून ऱ्हाती, ते दिसत न्हाई.

शेजारची हरणाबाई म्हणती, "साहेबाची हुण्यापरास शिपायाची पोरगी झाली असती, तर खेळली तरी असती."

लय झोंबलं. पण खोटं काय बोलली?

८ जून १९७४

ह्यांची बदली झाली, सांगलीला. म्हणाले, "तुमी दोघी हितंच ऱ्हावा. पोरीची शाळा मोडू नका." जीभ अडखळली न्हाई की डोळा ओला न्हाई. बरीच झाली म्हणायची सुटका, आमच्यापासनं. मी म्हटलं, "जावा. तिथल्या मैदानातच हातरूण टाका." ट्रंक उचलली, गेले.

१९ ऑक्टोबर

नव्या साहेबानं अनशीला संघात घेतलं! चप्पल शाळेतच टाकून पळत आली कार्टी. परक्या माणसाला दिसलं, बापाला दिसत न्हवतं. सांगलीला कळवणार न्हाई. ऱ्हाऊ दे त्यांना लोकांच्या पोरी मोजत.

२० ऑक्टोबर

आकाराम पेढे मागायला आला. म्हणाला, "वैनी, साहेब बोलले तसंच झालं बघा. ते हितं असते तर पोरीला कवाच घेतलं नसतं त्यांनी. म्हणून तर सांगलीला बदली मागून घेतली. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

पोरीला अजून काय सांगितलं न्हाई. उद्या सांगलीला जाते. आधी त्यांच्याशी भांडायचं हाय.