गेंदा, आपली रेवा आत गेली

प्रिय गेंदा,

आधी हिशेब. धारच्या आपल्या मराठी मंडळाच्या स्वयंपाकघराचा उंबरठा चार बोटं उंच. तो ओलांडायला आपल्या घराला काय लागलं? सभागृहाचे सगळे पंखे मी फुकट दुरुस्त केले, पाण्याची मोटर जळेल तेव्हा वाइंडिंग करून दिलं, शेवटी अध्यक्षपद गळ्यात घेतलं. आणि तू गेलीस तोवर तुझे सगळे गणपती बाहेरच्या पायरीवर गेले. पंख्यांचं काही नाही गं. पण या शेवटच्या रकमेची भरपाई मी कुठून करू?

काल महाप्रसाद झाला. रेवाच्या ओढणीला अजून पुरणाचा वास आहे, आणि ही बातमी तुला सांगितल्याशिवाय मला दुकान उघडवेना. म्हणून लिहायला बसलो.

ते पहिलं वर्ष आठवतं? मी देवासहून धारला येऊन पत्र्याच्या टपरीत दुकान टाकलेलं, तू सरकारी दवाखान्यात नर्स. तू न्हाऊन, पदर खोचून, माझ्या आईने शिकवलेल्या पुरणपोळ्या लाटायला निघालीस. मंडळाच्या स्वयंपाकघराच्या दारात माई उभ्या. सचिव नानांची बायको, स्वयंपाकघर त्यांचं राज्य. किती गोड बोलल्या! "गेंदा, तू बाहेरची रांगोळी सांभाळ हं. तुझ्या हाताला वळण काय सुरेख आहे." मी मोटर उघडायच्या आधी आवाजावरून सांगतो कुठलं बेअरिंग गेलंय. त्या कौतुकातली खरखर मला तेव्हाच ऐकू आली होती.

तू मात्र रांगोळीच काढत राहिलीस. त्याच माई ताप घेऊन दवाखान्यात आल्या की सुई तुझ्याच हातून टोचून घ्यायच्या; गेंदाचा हात हलका म्हणायच्या. म्हणजे हा हात दंडाला चालायचा आणि पुरणाला नाही? दवाखाना तरी कुठे वेगळा होता! गंधवानीच्या भिलाची पोर म्हणून एखाद्या पेशंटच्या घरच्यांनी दुसरी सिस्टर मागितली, की वरचे लोक मुकाट्याने तुझा वॉर्ड बदलायचे. मी चिडलो की तू म्हणायचीस, "जावा दो नी, रेवा के बाबू." एवढं का जाऊ दिलंस? या एका बाबतीत माझा राग अजून गेलेला नाही.

रेवा कॉलेजात शिकवायला लागली तेव्हा मला वाटलं, संपलं एकदाचं. कुठलं काय! तिला कोणी वाईट बोलत नाही. स्टाफरूममध्ये फक्त विचारतात, मम्मी कुठल्या होत्या? गंधवानी म्हटलं की चहाचे कप खाली टेकतात, आणि मग, "अच्छा? लगती नहीं हो आप." आता शिव्या नाहीत गेंदा, कौतुकच आहे सगळं. रेवा हसून सांगते. मला त्या हसण्यात तुझं 'जावा दो नी' ऐकू येतं आणि माझी झोप उडते.

पण यंदा पोरीने मला न विचारता पोळ्या लाटायला आपलं नाव दिलं. सभेत नाना म्हणाले, स्वयंपाकघराची एक परंपरा असते, त्यापेक्षा पोळ्या इंदूरहून मागवू. मागून कोणीतरी म्हणालं, प्रश्न स्वच्छतेचा आहे भिया, दुसरं काही नाही. रेवा समोरच बसली होती. मान ताठ, ओढणीचं टोक मुठीत. आपण गप्प बसलो तर हीसुद्धा रांगोळीचा डबा घेऊन पायरीवर बसणार, हे मला दिसत होतं.

मी उठलो. म्हटलं, "हिच्या आईने जन्मभर दवाखान्यात हात धुतले. तिच्याहून जास्त वेळा इथे कुणी धुतले असतील, त्यांनी बोलावं."

नानांनी वही ओढून पोळ्यांसमोर रेवाचं नाव लिहिलं. माझ्या एका वाक्याने सगळ्या परंपरेचा फ्यूज उडाला बघ! मोठमोठ्या वकिलांना जमलं नसतं ते या मोटरवाल्याने करून दाखवलं.

काल सकाळी रेवा आत गेली. उजवा पाय आधी टाकला की डावा, ते बघायचं राहिलं. मी पंख्याकडे बघत होतो. माई आत खुर्ची टाकून बसलेल्या. म्हणाल्या, "जपून लाट. पुरण पातळ झालंय."

"पुरण ठीक आहे माई. कणीक घट्ट आहे," रेवा म्हणाली, आणि तेलपाण्याचा हात लावून तिने ती पुन्हा मळायला घेतली. अगदी तू! पहिली पोळी तव्यावर टम्म फुगली तेव्हा मी दारातून टाळी वाजवली आणि माईंनी मला तिथून हाकललं.

पंगतीला एक-दोन घरांना अचानक उपास निघाला. कसला, ते त्यांनाही सांगता येईना. पण नानांनी तिसरी पोळी मागून घेतली, वर तुपाची वाटी पुढे केली. वाढायला मीच होतो. कशी झालीय, असं दोनदा विचारलं. "बरी आहे," म्हणाले. तोंड भरलेलं होतं म्हणून, नाहीतर आणखी बोलले असते.

रेवाच्या पाठीशी निदान माझं आडनाव आहे. तुझ्या भावाच्या पोरी तर तुमचंच आडनाव लावतात, लपवत नाहीत. गेंदा, तुला शब्द देतो. पुढच्या गणपतीला त्यांना गंधवानीहून मी स्वतः घेऊन येईन, सगळ्यांसमोर पूर्ण नावाने ओळख करून देईन आणि रेवाच्या शेजारी पोळपाटाशी बसवीन. बाहेरची रांगोळी मी काढीन. वाकडी आली तर वाकडी.

तुझाच,
रेवाचा बाबू

ता. क. सभेच्या आदल्याच दिवशी इंदूरच्या आचाऱ्याने नानांना नकार कळवला होता, तरी सभेत त्यांनी इंदूरचं नाव काढून बघितलं. माईंचे गुडघे गेलेत, सुना पुण्याला आहेत, आणि मंडळात पुरणपोळी लाटता येणारं रेवाशिवाय दुसरं कोणी उरलेलं नाही.