पाटावरचे बूट

शुक्र. १२ सप्टें.

उजवा गुडघा परत. तिसऱ्यांदा. हे फुटबॉल खेळून टर्फवरून आले ते भिंत धरत. विचारलं तर, "काय न्हाई, जरा मुरगळलाय. चहा टाक." टाकला. फ्रीजरमधलं मटारचं पाकीट फडक्यात गुंडाळून गुडघ्यावर ठेवलं. त्या मटारची उसळ आता होणार नाही, इतक्या वेळा वितळून गोठलेत. पाकिटावर पेनाने फुली मारून ठेवली.

मांडी घालून जेवणारा माणूस आज कॉटवर पाय पसरून जेवला. ऋतू म्हणाली, "बाबा, व्हाय आर यू सिटिंग देअर?" हे म्हणतात, "साहेब झालो न्हवं मी." तिघंही हसलो. मग मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

अंबाबाई, एवढा एक सीझन.

रवि. १४ सप्टें.

शेजारच्या खोलीतल्या ग्रेटाबाई नर्स आहेत, त्यांनी त्यांच्या क्लिनिकमध्ये गुपचूप नंबर लावून दिला. कंपनीचं इन्शुरन्स कार्ड काढायचं नाही असं ह्यांनी जिन्यातच बजावलं होतं. कार्ड दाखवलं की कागद कंपनीत जाणार, टीम बघणाऱ्या शाजीसरांना कळणार, आणि मग खलास. रोख भरले. स्कॅनचे साडेसहाशे दिरहम. पंधरा-सोळा हजार रुपये झाले. वहीत 'औषध' म्हणून टाकले, 'गुडघा' असं लिहिवेना.

डॉक्टर म्हणाले, गुडघ्याच्या आतला लिगामेंट बराचसा फाटलाय, थोडा धरून आहे. ऑपरेशन, नाहीतर सात-आठ महिने बॉलला पाय लावायचा नाही. पुन्हा वळला तर साधा जिना चढायची पंचाईत. एवढं सगळं ऐकून हे डॉक्टरला विचारतात, "डॉक्टरसाब, सेमीफायनल तक चलेगा?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी पर्सची चेन लावत बसले.

परत येताना ग्रेटाबाई म्हणाल्या, "तू बायको हाय का कोण? पाय मोडून ठेव ना त्याचा!" मग आपणच म्हणाल्या, "सॉरी गो, तोंडातून गेलं."

गुरु. १८ सप्टें.

शाजीसर घरी आले. आठ वर्षांत दुसऱ्यांदा. पहिल्यांदा आले होते ते ट्रॉफी घेऊन.

ह्यांच्या व्हिसावर स्टोअर हेल्पर लिहिलंय. कंपनीच्या हमरियाच्या स्टोअरमध्ये पाइप मोजायला दुसरे चौघे आहेत. ह्यांना इकडे आखातात आणलं ते बॉलसाठी. मालकाला सेव्हन्स फुटबॉलचं वेड, एका बाजूला सात गडी, लहान मैदान, नुसती पळापळ. आठ वर्षांपूर्वी शाजीसरांनी मोबाइलवर कोल्हापूरची मॅच बघितली, आमच्या तालमीच्या टीमची, आणि म्हणाले हा सोळा नंबरचा मला पाहिजे. पेठेत फटाके लागले होते. आमच्या तालमीत तेव्हा नायजेरियाचे दोन गडी आणलेले, मंडळाच्या खोलीत राहायचे, आमच्याकडून त्यांना डबा जायचा. हे इथे आल्या आल्या फोनवर म्हणाले होते, "इथं मीच नायजेरियावाला हाय. डबा मात्र कोण देईना."

दुसऱ्या वर्षी मी आणि ऋतू आलो. तिसऱ्या वर्षी फुजैराची स्पर्धा ह्यांच्या गोलवर जिंकली. येताना बसमध्ये सगळी मल्याळी पोरं ह्यांच्या नावाने गात होती. त्या दिवशीचा ह्यांचा फोटो अजून कंपनीच्या कँटीनमध्ये आहे म्हणे, फक्त फ्रिज पुढे आल्यामुळे अर्धा झाकलाय.

तर शाजीसर. चहा घेतला, साखर नको म्हणाले. "भाभीजी, टेन्शन नहीं लेने का. लेकिन काँट्रॅक्ट अक्टूबर में खतम है ना. मालिक बोला, सेमीफायनल देखेगा, फिर साइन करेगा." मग ह्यांच्याकडे वळून, "और वो घाना का लड़का आ गया है. क्वामे. बाईस साल. क्या भागता है! तुम थोडा सिखाओ उसको."

हे म्हणाले, "जरूर, सर." सर जाईपर्यंत एकदाही उठले नाहीत. उठले असते तर दिसलं असतं. शाजीसरांना वाटलं असेल, माणूस माजला.

सेमीफायनल १ तारखेला, बुधवारी संध्याकाळी. त्या दिवशी काय येतंय ते घरातल्या कॅलेंडरवर अजून बघितलं नाही.

सोम. २२ सप्टें. घटस्थापना

आइस्क्रीमच्या डब्यात माती घालून घट बसवला. माती तुळशीच्या कुंडीतलीच काढली. उपवास धरलेत नऊही दिवस. हे म्हणाले, "भगर तरी खात जा, तू पडलीस तर मला कोण उचलणार."

टीममधल्या कुणीतरी गोळ्या दिल्यात, दुखणं बधिर करायच्या. हे दोन घेऊन प्रॅक्टिसला जातात. क्वामेला शिकवतात. कॉर्नर कसा घ्यायचा, पाठीवर गडी असताना बॉल कसा लपवायचा. आपली जागा ज्याला द्यायची त्यालाच. मी विचारलं, कशाला एवढं मन लावून शिकवता? म्हणाले, "पोरगं चांगलं हाय गं. आईला रोज फोन करतंय."

आणि गुडघ्याचा पट्टा सोडायला लागले. 

शुक्र. २६ सप्टें.

ऋतूने ताटावर बसून विचारलं, "इफ बाबा डझन्ट प्ले, डू वी गो बॅक?"

कुणी सांगितलं तिला? भिंती पातळ आहेत, आणि आम्ही भांडतो तेव्हा हळू भांडतोय असं आम्हालाच वाटतं.

मी म्हणाले, मराठीत विचार. तर म्हणाली, "मराठीत पण तोच क्वेश्चन आहे."

परत जाऊन करायचं काय? नवरात्रात तरी खोटं लिहू नये. पोलीस भरतीचं वय ह्यांचं मैदानातच गेलं. तालमीत आता नवी पोरं. दीर म्हणाले होते चहाच्या गाडीवर ये माझ्या. हे ते ऐकून फोन माझ्याकडे देऊन गॅलरीत गेले होते. ऋतूची शाळा सुटणार. व्हिसा गेला की ही खोली गेली. इथे माणूस नोकरीला लोंबकळतो आणि बाकीचं घर त्या माणसाला.

आणि खेळले तर पाय. पाय गेला तर नोकरी जाणारच. मग नोकरीही नाही आणि पायही…

सकाळची आरती तीनदा चुकले.

मंगळ. ३० सप्टें. अष्टमी

काल बघितलं मी. मी खाली कचरा टाकायला गेले आहे असं समजून हे पॅसेजमध्ये बॉलशिवाय नुसतं वळता येतंय का ते बघत होते. उजव्या पायावर वळले आणि बसलेच. आवाज येऊ नये म्हणून मूठ दातांत दाबली.  मी परत दोन मजले खाली उतरले आणि चपला वाजवत वर आले.

"आलीस व्हय?" म्हणाले. दारात उभे होते, हसत.

रात्रभर विचार केला. बोलून होत नाही, रडून होत नाही. शाजीसरांना फोन करून सांगावं तर घर मीच बुडवलं असं होईल. पण उद्या खंडेनवमी.

दरवर्षी ह्यांचे बूट मी पुजते. तालमीत ह्या दिवशी बॉल, बूट, दांडपट्टा सगळं एका रांगेत मांडतात आणि दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत कुणी हात लावत नाही. हे सतरा वर्षांचे असताना एकाने पुजलेला बॉल काढून गल्लीत खेळवला, त्याला वस्तादांनी सगळ्यांसमोर उठाबशा काढायला लावल्या. हे सांगून सांगून हसतात. पण हसतानाही कानाच्या पाळीला हात लावतात.

इथे आठ वर्षांत मॅच कधी त्या दिवशी आली नव्हती. यंदा आलीय. आईनेच आणली असं मी धरते.

झेंडूची एक माळ आणली, दहा दिरहम. अडीचशे रुपयांची माळ! आणली.

बुध. १ ऑक्टो. खंडेनवमी, दुपार

केलं.

हे कंपनीच्या बसने गेल्यावर बूट घासले, तळाच्या खाचांतली काळी रबराची भुकटी टूथब्रशने काढली. पाट मांडला. बूट, गुडघ्याचा पट्टा, सुरी, विळी, ऋतूचा कंपास, माझी हिशोबाची वही. हळदकुंकू, माळ, नैवेद्य.

दुपारी हे लवकर आले, मॅचसाठी सोडलेलं. पिशवी घेतली आणि बुटांसाठी वाकले, तर रॅक रिकामा. मग पाट दिसला.

पिशवी खाली ठेवली.

"मुद्दाम केलंस?"

"दरवर्षी करते."

"मॅच आज हाय, माहीत हाय तुला."

"आहे माहीत. उचलायचे तर उचला. मी नाही उचलणार."

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. खाली बसता येत नाही म्हणून उभ्यानेच हात जोडले. बोटाने बुटाला लागलेलं कुंकू कपाळाला लावलं. म्हणाले, "चांगली पुजा मांडलीस." आणि चपला घालून रिकामी पिशवी घेऊन गेले.

बूट पाटावर आहेत. म्हणजे खेळणार नाहीत. शाजीसर काय बोलतील ते बोलोत. आई, तुझ्यावर टाकलंय.

गुरु. २ ऑक्टो. दसरा, सकाळी

काल दिवेलागणीला ऋतू मोबाइल घेऊन धावत आली. टीमच्या पेजवर मॅच दाखवतात.

दुसरा हाफ निम्मा झालेला, एक-एक. हे बाकावर बसलेले दिसले, पायात चपला. जिवात जीव आला. मग क्वामेच्या पोटरीत गोळा आला, बाहेर घेतला त्याला. कॅमेरा तिकडे गेला, परत आला, आणि ऋतू ओरडली, "आई! बाबा इज प्लेइंग!"

कसं शक्य आहे? पायात लालभडक बूट. मोठे, ढगळ. क्वामेचे. तो कडेला मोज्यांवर उभा.

बूट घरात ठेवले म्हणजे माणूस घरात राहील, असं मला वाटलं. बाकीच्या जगात बूट नाहीत असंच जणू.

मी उभीच होते, ऋतूचा खांदा धरून. तिला दुखत असणार. हे पळत नव्हते, एका जागी उभे राहून बॉल देत होते. शेवटी कॉर्नर. ह्यांनी घेतला, तो जुनाच, आत वळणारा. एका पोराच्या हेडरने गोल. सगळी पोरं अंगावर पडली आणि ह्यांना खांद्यावर घेतलं. सगळ्यांना वाटलं आनंदाने घेतलंय. मी तोंड बघितलं ह्यांचं. पाय टेकत नव्हता.

घरी क्वामेने आणून सोडलं, अर्धं उचलूनच. "सिस्टर, आय सेड नो. ही टुक माय शूज फ्रॉम माय फीट." पाणीसुद्धा न घेता गेला.

गुडघा नारळाएवढा झालाय. हे मला एकच म्हणाले, "मी तुझी पुजा मोडली न्हाई."

शाजीसरांचा मेसेज. मालक खूश. आज सुट्टी घे. उद्या फायनल खेळला की दोन वर्षांचं साइन. अजून त्यांना कळलेलं नाही.

गुरु. २ ऑक्टो. दुपारी

ग्रेटाबाई येऊन बघून गेल्या. "ऑपरेशन लागणारच. आता कंपनीला सांग. मॅच खेळताना लागलंय, मालकाच्याच टीमला. देतील खर्च." खरंच देतील? की हिशोब करून तिकीट हातात देतील? टीमच्या आधीच्या गोलकीपरला तिकीटच दिलं होतं, पण तो तर सुट्टीवर स्कूटरवरून पडला होता. इथली सगळी माणसं असंच सांगतात, इन्शाल्ला होईल. कुणाला माहीत नसतं.

घटातले कोंब चांगले वीतभर झालेत. ह्यांच्या टोपीत खोवले. कॉटवर टोपी घालून बसलेत, पाय उशीवर, मटार गुडघ्यावर.

सकाळपासून माझंच मन फिरलंय. लिहायलाही लाज वाटते. वाटतं, उद्या एक दिवस. गोळ्या घेऊन, पट्टा करकचून आवळून, दहा मिनिटं नुसते उभे राहिले तरी सही होईल. दोन वर्षं. ऋतू सातवीला जाईल. पाय नाहीतरी गेलाच आहे, मग अजून काय जायचंय… काल मीच बूट अडवून ठेवले आणि आज हा विचारही माझाच.

बाराला आरती केली. अक्षता टाकल्या. सुरी उचलली, विळी, कंपास, वही. आता बूट. आपले बूट तरी पायात नीट बसतात, दुसऱ्याचे कशाला, असं म्हणत मी हात घातला.

"राहू दे गं."

मला वाटलं, गुडघ्यावरचे मटार राहू दे म्हणतात.

"बूट. राहू देत तिथंच, अजून थोडं."

"उत्तरपूजा झाली," मी म्हणाले. "उद्या लागतील तुम्हाला."

ह्यांनी टोपी काढली, कोंब बोटांनी सरळ केले, परत घातली. फोन वाजला. उशीपाशीच होता, शाजीसरांचं नाव. ऋतू शाळेतून आली तेव्हाही तो वाजतच होता, दुसऱ्यांदा की तिसऱ्यांदा. ती म्हणाली, "बाबा, पिक अप ना."

हे फोनकडे बघतायत, मी ह्यांच्याकडे. बूट पाटावर आहेत. माळ अजून सुकलेली नाही.