पायांकडे बघायची खोड

दादा,

तू तुझ्या कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकलास. पगार दुप्पट, सोमवारी फक्त हो म्हणायचं. आई शेजारीपाजारी सांगूनही मोकळी झाली. मला मात्र हो म्हणवत नाहीये.

काम जमणार नाही म्हणून नाही रे. ऑफिसात बसून फोनवर माल विकायचा, त्यात काय एवढं!

गेल्या महिन्यात तू मला भेटायला आमच्या कृत्रिम पायांच्या वर्कशॉपमध्ये आलास. नोकरी बदलण्याआधी तूही इथेच होतास, हे काम मला तूच शिकवलंस. "आपण बनवलेला पाय नुसत्या चालीवरून ओळखता आला पाहिजे," म्हणायचास. रस्त्यानेही लोकांचे पाय बघत चालायचास. वहिनी वैतागायची, "अहो, कधीतरी चेहरेही बघा!"

त्या दिवशी तू बाकावर बसून फोनवर बोलत होतास. तेवढ्यात पट्टा सैल झाला म्हणून पोस्टमनकाका आले. तू बनवलेला पहिला पाय त्यांचाच. ते तुझ्यासमोर थांबले, हसले, मुद्दाम एक फेरी मारून दाखवली. तू स्वतःचे पाय आखडून घेतलेस, त्यांना वाट दिलीस आणि बोलत राहिलास.

"कामात आहे वाटतं," ते मला म्हणाले. मी मान डोलावली.

हे पत्र काही मी पाठवणार नाही, तुझ्या मनाला लागेल. पण तेव्हापासून मला धडकी भरलीये. तुला काही हरवल्यासारखं वाटलं असतं ना, तर मी एवढी घाबरले नसते. तू तर अगदी मजेत होतास, दादा.

हो म्हटलं तर मीही अशीच मजेत राहीन.

अजून लोकांच्या पायांकडे बघणारी,
तुझी छोटी