कॅमेऱ्याचा तेवढा कोपरा

३ मार्च, रविवार
सासूबाईंनी सासऱ्यांचा कॅमेरा आणून दिला. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून कपाटात होता. कोपऱ्याचं कातडं सुटलंय, तेवढं चिकटवून द्या, बाकी काही उघडू नका, म्हणाल्या. सतरा तारखेला मुलं-नातवंडं सगळी जमणार, तेव्हा हवाय.
नुसता कोपरा चिकटवायला मी काय पाकीट बंद करतोय? सगळं जुनं कातडं काढून नवं बसवणार. दोन तासांचं काम. तीन व्हिडिओ पाहिले. दमलो.

७ मार्च, गुरुवार
ऑफिसमुळे जीव नकोसा झालाय. व्हिडिओ: सहा.

९ मार्च, शनिवार
व्हिडिओत कातडं सलग निघतं. तेच कागदावर ठेवून नवं कापायचं. इथे कडेने स्पिरिट सोडलं, बोथट सुरीने खरवडलं, तर नुसता चुरा. तुकडे त्रेचाळीस. दोष कातड्याचा.
बायको म्हणाली, आईने उघडू नका सांगितलंय. म्हटलं, कातडं काढणं म्हणजे उघडणं नव्हे. तिला टेक्निकल फरक कळत नाही.

१० मार्च, सकाळी ११
मागच्या झाकणाच्या कडेत कातडं अडकलं. झाकण उघडावंच लागलं, नाइलाज. आत रोल! मध्ये मध्ये येत होता म्हणून पूर्ण ओढून काढला, खिडकीशी धरून पाहिला. एकही फोटो नाही. सासऱ्यांनी काही काढलंच नव्हतं बिचाऱ्यांनी. केरात टाकला.
कॅमेऱ्यावर आकड्याची बारीकशी खिडकी आहे. तिथे २८ होते, झाकण उघडताच शून्य झालं. म्हणजे नवी सुरुवात. बरं वाटलं.

१४ मार्च, गुरुवार
नव्या कातड्यासाठी बायकोची जुनी पर्स कापली. ती वापरत नसावी.
वापरत होती. अबोला.

१६ मार्च, शनिवार
बसवलं एकदाचं! एका बाजूला जरा कमी, दुसरीकडे जास्त. सरासरी बरोबर. गोंद चोवीस तास सुकवा म्हणतात. आपल्याकडे सोळा आहेत, पुरेत. पाठीचा पार भुगा झालाय.

१७ मार्च, रविवार
सगळे जमले. सासूबाईंनी चष्मा लावून कॅमेरा हातात घेतला. कातड्याकडे बघितलंच नाही. वरची खिडकी बघितली आणि विचारलं, अठ्ठावीस कुठे गेले?
मी समजावून सांगितलं की रोल कोराच निघाला. मग मेहुणा हळूच म्हणाला, भाओजी, धुतल्याशिवाय फोटो दिसत नाहीत, आणि त्याआधी उजेड लागला की रोल वाया जातो.
अठ्ठावीस फोटो सासऱ्यांनी काढलेले, शेवटचे. छत्तीसपैकी उरलेले आठ सासूबाईंनी नऊ वर्षं राखून ठेवले होते. ते आज सगळ्यांचे काढायचे आणि मगच रोल धुवायला द्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.
बायकोने केराचं विचारलं. म्हटलं, सोमवारीच गेला.
सासूबाईंनी कॅमेरा मांडीवर घेतला, नव्या कातड्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, कातडं छान बसवलंय हो. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मान वर करवेना.
निघताना त्यांनी कॅमेरा पिशवीत ठेवला, तेवढ्यात कोपरा सुटला. तोच. मी गोंद आणायला उठलो.
राहू द्या, म्हणाल्या.